चौकटीतलं सारवण

मिथेनला वास नसतो, हे मिनल मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी मान डोलावली, पण पटलं नाही. गुराच्या पोटातून निघणारी वस्तू, आणि तिला वास नाही? पुढे जवळजवळ तीन वर्षं दर मंगळवारी मी तो बिनवासाचा वायू काचेच्या बाटल्यांत भरून दिला, आणि त्या तीन वर्षांत गोडदेवच्या एका बाईचं जेवढं नुकसान केलं तेवढं आयुष्यात दुसऱ्या कुणाचं केलेलं नाही. मुद्दाम नाही केलं. पण मुद्दाम नाही केलं म्हणून भरून थोडंच येतं.

साल एक्क्याण्णव. मी धम्मपाल, मूळचा परतूरकडचा, बी.एस्सी.चा कागद पिशवीत घालून सात वर्षं मुंबईत वणवण केलेला. मी आणि बायको सरोजा केबिन रोडच्या मागे एका खोलीत राहत होतो. एका संशोधन संस्थेत मिनल मॅडमच्या हाताखाली मला क्षेत्र सहायक म्हणून कंत्राटावर घेतलं. नाव भारदस्त, काम म्हणजे उन्हात उकिडवं बसणं.

गोडदेवच्या मागे, मिठागरांच्या अलीकडे गावाचं गुरचरण होतं. तिथे संस्थेने तारेचं कुंपण घालून तीन तुकडे पाडले. पहिल्या तुकड्यात एकही जनावर सोडायचं नाही. दुसऱ्यात आठवड्यातून एक दिवस तीन गुरं, तीही अर्धा दिवस. तिसऱ्यात बाकीचे दिवस अकराच्या अकरा, दिवसभर. याला आम्ही रिकामा, हलका आणि भारी म्हणायचो. मॅडमना शोधायचं होतं ते एवढंच, की कुरणात किती गुरं चरली तर जमीन सोसते आणि किती चरली तर ती बिघडून पृथ्वी तापवणारे वायू जास्त सोडायला लागते. गवत चांगलं असलं की मुळं कार्बन मातीत धरून ठेवतात. गुरं बेसुमार झाली की मुळं मरतात, माती तुडवून तुडवून दगडासारखी होते, शेणमूत साचतं. कुठे तरी मध्ये एक रेघ असणार. ती रेघ शोधायला त्यांनी मला बसवलं होतं.

प्रत्येक तुकड्यात जमिनीत तीन लोखंडी चौकटी रोवलेल्या होत्या, पाटाएवढ्या. त्या चौकटीवर पारदर्शक पेटी पालथी घालायची, आणि दर पंधरा मिनिटांनी आतली हवा सिरिंजने ओढून बाटलीत भरायची. नऊ चौकटी, छत्तीस बाटल्या. वहीत तारीख, ऊन, जमीन कशी आहे, चौकटीत शेणाचा पो पडलाय का, हे लिहायचं. बाटल्या प्रयोगशाळेत जायच्या, आकडे मॅडमच्या टेबलावर यायचे. माझ्याकडे काही यायचं नाही, पाठदुखी सोडून.

गुरं होती मंदा मावशीची. पन्नाशी उलटलेली आगरी बाई, अंगाने काटक, बोलायला थोडकी. गावात सगळ्यांनी गोठे मोडून खोल्या बांधल्या, भाडेकरू ठेवले. हिने अकरा गुरं ठेवली होती आणि दोन्ही पोरांची बोलणी खात होती. संस्थेने तिला पेंडीची पोती कबूल केली आणि तिने मॅडमच्या वेळापत्रकाप्रमाणे गुरं या तुकड्यातून त्या तुकड्यात हाकायची असं ठरलं. घड्याळ नव्हतं तिच्याकडे, पण अर्धा दिवस म्हणजे अर्धा दिवस, त्यात कधी चूक झाली नाही.

पहिल्या मंगळवारी तिने मला चहा दिला तेव्हा मी आधी कप बघितला. ही माझी सवय आहे, जात नाही. कप त्यांच्यातलाच होता, कानाजवळ टवका उडालेला, आणि तशाच दुसऱ्या कपातून ती माझ्यासमोर बसून प्यायली. मी आडनाव सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, साखर घालू का आजून. त्या दिवसापासून ती मला मास्तर म्हणायला लागली आणि मी तिला मावशी.

ब्याण्णव गेलं, त्र्याण्णव गेलं. एकेक इमारत गुरचरणाच्या दिशेने पाऊल टाकत होती. जागेसाठी एक समिती नेमली गेली. गुरचरण गुरांसाठी ठेवायचं की गुरं बंद करून तिथे कुंपण घालून झाडं लावायची, हा प्रश्न. समितीतल्या कुणी त्या गवतात पाय घातला असेल असं मला वाटत नाही. सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकण्याचा. पण त्यांनी एक बरं केलं, म्हणजे तेव्हा बरं वाटलं. संस्थेचा अहवाल काय म्हणतो ते बघू, असं ठरवलं.

अहवाल भयंकर होता. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मॅडमनी मला कच्चा मसुदा दाखवला. भारी तुकड्यातून हलक्या तुकड्याच्या नऊपट वायू निघत होते. मॅडम स्वतःही चक्रावल्या होत्या. चौकटीत शेणाचा पो नाही असं मी वहीत लिहिलेलं, म्हणजे हा वायू शेणाचा नाही, जमीनच मुळातून बिघडलीय, असा त्यांनी अर्थ लावला. पावसाळ्यात मात्र आकडे खाली यायचे, त्यावर त्यांनी वेगळी दोन पानं लिहिली होती. शेवटी शिफारस होती, एका ओळीची: या कुरणात गुरं चारणं पूर्ण बंद करावं.

मला मंदा मावशी आठवली नाही असं नाही. पण त्याच कागदाच्या मागे दुसरा कागद होता. मार्चअखेरपर्यंत अहवाल गेला तर पुढच्या पाच वर्षांचं काम मंजूर होणार, आणि त्यात कायम सहायकाच्या जागेसमोर माझं नाव. मी तो कागद दोनदा वाचला. घरी सरोजाला सांगितलं, आणि त्या रविवारी ती मला चालत चालत मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या नव्या इमारतींपर्यंत घेऊन गेली आणि नुसत्या गॅलऱ्या बघून आम्ही परत आलो.

अहवालाच्या मुखपृष्ठासाठी चौकटीचा फोटो पाहिजे होता. मॅडमनी ऑफिसचा कॅमेरा दिला. मंगळवारी पेट्यांच्या गडबडीत फोटो निघणार नाही म्हणून मी सोमवारीच गेलो, संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला. अडीच वर्षांत मी सोमवारी तिथे कधीच गेलो नव्हतो.

भारी तुकड्यात मंदा मावशी उकिडवी बसली होती. बाजूला बादली. हात कोपरापर्यंत शेणाचा. ती माझी चौकट सारवत होती. चौकटीच्या आतली भुई, पाटाएवढी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बोटांचे अर्धगोल एकात एक काढत.

माझं डोकं एकदम फिरलं. कारण सांगतो. माझे आजोबा ज्या ओट्याच्या खाली बसून पाटलाशी बोलायचे, ती जागा ते उठून गेले की पाटलीणबाई शेणाने सारवून घ्यायच्या. आजोबा वळणावर पोचेपर्यंत हात फिरलेला असायचा. वडिलांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी स्वतः बघितल्यासारखं मला ते दिसतं. अडीच वर्षं टवका उडालेल्या कपातून चहा पाजून ही बाई माझ्या माघारी हेच करतेय, असं मला वाटलं, आणि मी तिला जरा चढ्या आवाजातच विचारलं की मावशी, मी बसतो म्हणून सारवता काय.

तिने वर बघितलं. तिला माझ्या आवाजातलं काही कळलं नाही.

"व्हय, तू बसतस म्हनून," ती म्हणाली. "सोमवारी सारवतंय, मंगलवारी तू येतस, तुजी पेटी बसतं. उघड्या भुईवर कोनी पाव्हन्याला बसवतं काय?"

मी गेल्यावर नाही, मी येण्याआधी. बाटलं म्हणून नाही, येणाऱ्याचा मान म्हणून. माझ्या घराण्यात आजवर कुणी येणार म्हणून कुणी भुई सारवली नव्हती. माझा राग जागच्या जागी जिरला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. बसलोही.

मग डोकं चालायला लागलं. कधीपासून, विचारलं. पेटी आली तेव्हापासून. सगळ्या चौकटी? नाही, रिकाम्या आणि हलक्या तुकड्यात गवत आहे, गवतावर कोण सारवतं. इथेच माती उघडी पडलेली, म्हणून या तीन. पावसात? पावसात सारवण टिकत नाही, तेव्हा नाही.

भारी तुकड्यातले नऊपट वायू तिच्या बादलीतून आले होते. दर आठवड्याला ताज्या शेणाचा एक हात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर माझी पेटी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं आम्ही गुरांना सुळावर चढवलं होतं, आणि इथे तर चोरही कुणी नव्हता.

फोटो काढला, तिच्या हातासकट, आणि घरी आलो.

खोलीवर आल्यावर मी वही उघडली. भारी तुकड्याच्या रकान्यात, पावसाळे सोडून, माझ्याच अक्षरात आठवड्यामागून आठवडा लिहिलेलं होतं: जमीन सपाट, स्वच्छ. वाळलेलं सारवण मी शंभर वेळा बघितलं होतं. ते मला सारवण म्हणून दिसलंच नाही. आमच्या परतूरच्या घरात जमीन तशीच असायची. आई दर दोन दिवसांनी सारवायची. फरशीवर वाढलेला कुणी असता तर पहिल्याच मंगळवारी त्याने विचारलं असतं, की ही काय भानगड आहे. मला मात्र ती जमीन बघून बरं वाटायचं. पेटी नीट बसते म्हणून मी खूशही असायचो.

सरोजाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मी म्हणालो, नुसतं गप्प बसलं तरी चालेल, कुणाला कळणार आहे. मावशीला सांगून तरी काय उपयोग, बिचारीला वाईटच वाटेल.

"तिला वाईट वाटंल म्हणून गप्प बसताव, का जागा जाईल म्हणून?" सरोजाने विचारलं.

मी म्हणालो, दोन्ही. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, दोन्ही नसतं कधी, एकच असतं. सिल्व्हर पार्कचं नाव त्या दिवशीही नाही, पुढेही कधी तिने काढलं नाही. माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

फोटो धुवून यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी ठरवतोय, ठरवतोय असं करत काढले. मग तो फोटो मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं. मिनल मॅडम वाईट बाई नव्हत्या. पाच वर्षं दिल्लीला पत्रं लिहून त्यांनी हे काम मिळवलं होतं. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा काढला, परत घातला.

"तुमच्या लक्षात कसं आलं नाही, धम्मपाल?"

"मॅडम, आमच्या घरी जमीन अशीच असते."

मग त्यांनी मसुद्यातली पावसावरची दोन पानं काढली, फाडली नाहीत, नुसती वेगळी ठेवली. म्हणाल्या, भारी तुकड्याचे सगळे आकडे रद्द. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पुन्हा मोजू. चौकटी नव्या जागी रोवू, सारवण बंद. समितीला मी मुदत मागते. मार्च आला आणि गेला, पुढच्या पाच वर्षांचं काम मंजूर झालं नाही.

मावशीला सारवण बंद करा म्हणून सांगणं मात्र माझ्याच गळ्यात पडलं. मी तिला अर्धवट सांगितलं. पेटीला उघडीच भुई लागते, नव्या यंत्राचा नियम आहे, असं काहीतरी. तिचं तोंड उतरलं. तिच्याकडे सुतकात भुई सारवत नाहीत. म्हणाली, "कोन मेलं हाय काय त्या पेटीत, सारवाचं न्हाय ते?" त्यानंतर मंगळवारी चहा यायचा, पण ती समोर बसायची नाही. आपण केलेलं पाहुण्याला आवडलं नाही, हे तिच्या डोक्यात बसलं, आणि ते काढायला मला खरं सांगावं लागलं असतं.

चौदा मंगळवार मी पुन्हा मोजलं. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लावताना मला वाटायचं की आता गुरं निर्दोष सुटतील. नवस बोलायची आमच्यात पद्धत नाही, नाहीतर बोललो असतो. एकदा तर सिरिंज अर्धीच ओढावी असं मनात आलं. पूर्ण ओढली.

गुरं सुटली नाहीत. नऊपटीवरून आकडा खाली आला, पण दुपटीच्या थोडा वरच राहिला. अकरा गुरांनी ती जमीन खरोखरच तुडवून काढली होती. सर्वांत चांगला ठरला हलका तुकडा. रिकाम्यापेक्षाही किंचित बरा, कारण रिकाम्या तुकड्यात गवत न खाल्लेलं, वाढून पडून कुजत होतं. म्हणजे कुरणाला गुरं पाहिजेत, पण बेताची. मॅडमनी तसंच लिहिलं. चराई बंद करू नये, कमी करावी. त्या जागेला पाच गुरं पुरेत.

समितीने हे मान्य केलं. सगळं गुरचरण झाडांखाली जाणार होतं ते वाचलं, हे खरंच आहे. मला मॅडमनी सांगितलं की तुम्ही बोललात म्हणून एवढं तरी झालं. मी बाहेर आलो आणि स्टेशनजवळ एका बाकड्यावर कितीतरी वेळ बसून राहिलो. मला आनंद झाला नव्हता. मी नुसता दमलो होतो.

निरोप द्यायला मलाच पाठवलं. सहा गुरं काढायची, म्हटलं. मावशीने ऐकून घेतलं. मग मला घेऊन ती गोठ्यात गेली, एकेकीच्या पाठीवर हात ठेवत शेवटच्या दावणीपर्यंत चालली आणि म्हणाली, मास्तर, तूच सांग कोनच्या सहा. तीन वर्षं तू मोजतस.

मी तिच्या गुरांपैकी एकीचंही काही कधी मोजलं नव्हतं. माझी पेटी जमिनीवर बसायची. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, मंग अकराचा आकडा कोनी मोजला. शेवटी तिने स्वतःच निवडल्या. म्हातारी चांदी ठेवली, जिला कुणी घेतलं नसतं, आणि दोन दुभत्या, दोन कालवडी. बाकीच्या सहा पालघरकडचा तिचा भाचा धर्माजी टेम्पोत घालून घेऊन गेला. मी त्या दिवशी गेलो नाही. जायला पाहिजे होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, मी चौकटी उपटायला गेलो. माझं कंत्राट त्या महिन्याला संपत होतं. रिकाम्या आणि हलक्या तुकड्यातल्या चौकटी पहारीने काढल्या. भारी तुकड्यात आलो तर तिन्ही चौकटींत ताजं सारवण होतं, अजून ओलं. बोटांचे तेच अर्धगोल. मावशी कुंपणाशी उभी होती, तिच्यामागे पाच गुरं.

तिने विचारलं, "आता पेटी बसाची न्हाय ना? आता चालल ना सारवलेलं?"

मला राहवलं नाही. पहार खाली ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. तुमचं सारवण पेटीने पकडलं, मावशी. ते गुरांच्या नावावर चढलं. गुरं पूर्ण बंद होणार होती ती त्यामुळे. मला कळलं तेव्हा मी सांगितलं, म्हणून पाच तरी राहिली. जसं झालं तसं सांगितलं, फक्त माझी जागा गेली ते वगळून. आता ते सांगून मोठेपणा घ्यायचा नव्हता.

मग तिने आपला हात उलटापालटा करून बघितला. नखांत शेण होतं.

"म्हंजे तुमी माजा हात मोजला," ती म्हणाली. "गुरांचा न्हाय."

"हो, मावशी. आधी तेच झालं."

"मंग गुरां कशाला न्हेली?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. चौदा मंगळवारांचं उत्तर होतं, बाटल्यांच्या चिठ्ठ्यांसकट, दुपटीच्या थोडं वर. ते खरंही होतं. पण ते तिला कुठल्या तोंडाने सांगणार? ती माझ्याकडे बघत उभी राहिली, रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. मग चांदी हंबरली तशी ती वळली आणि पाचही गुरं घेऊन हलक्या तुकड्याकडे निघून गेली.

मी चौकटी उपटल्या. तीन चौकोन तसेच राहिले, सारवलेले, कुणी येणार असल्यासारखे. सरोजा वाट बघत असेल म्हणून मी निघालो, पण त्याआधी चप्पल काढून एका चौकोनावर थोडा वेळ बसलो.